बारा बंद आणि एक बादली

सोलापुरात संक्रांतीला तिळगूळ देतात, गोड बोलतात, शेंगाच्या पोळ्या लाटतात. सगळं खरं. पण आमच्या घरी संक्रांत म्हणजे बादली. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, संक्रांतीतल्या यात्रेत पांढरीशुभ्र बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा अंगरखा, घालायची हा इथला रिवाज. पांढरं नेसून तेल, हळद, कुंकू आणि धूळ यांच्यात दिवसभर फिरायचं हे ज्या कुणाला सुचलं, तो आपले कपडे आपण धूत नसणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

मी साताऱ्याची. लग्नानंतरच्या पहिल्या यात्रेत सासूबाईंनी माझ्या हातात ओवाळणीचं ताट दिलं आणि संध्याकाळी त्याच हातात ब्रश. तेव्हापासून यात्रेचा कार्यक्रम मला पत्रिकेवरून नाही, डागांवरून कळतो.

पहिला दिवस तेलाचा. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो. इथे त्याला यण्णीमज्जन म्हणतात. आमचे हे मिरवणुकीत मागे कुठेतरी असतात, पण घरी येतात ते 68 लिंगांचं तेल एकट्यावर ओतल्यासारखे. शेजारच्या आजी जन्मभर चादरीच्या कारखान्यात राबलेल्या, कापडातलं त्यांना विचारावं. त्या म्हणतात, ''पाण्यात घालू नको गं एकदम. आधी खडूची भुकटी लाव, तेल पिऊन घेते ती.'' घेते, खरंच. मात्र पोराच्या दप्तरातले खडू त्या आठवड्यात गायब होतात आणि त्याचा जाब मलाच द्यावा लागतो.

दुसरा दिवस अक्षतांचा, आणि खरी कसोटी हीच. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी झाला, त्याचा हा सोहळा. संमती कट्ट्यापाशी माणसांचा नुसता समुद्र. संमतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन होतं, 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा गजर उठतो आणि अक्षता उडतात. उडतात म्हणजे पुढच्याच्या मानेवर पडतात. मागच्याच्या आपल्या मानेवर. हळद-कुंकवाचे हात कोण कुणाच्या पाठीला पुसतो त्याचा हिशेब नाही. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तिला ऊनच हवं. म्हणून आमच्या गच्चीवर हळद लागलेली बाराबंदी दिवसभर हात पसरून उभी असते आणि खालून जाणारे विचारतात, ''वहिनी, साहेब वर काय करायलेत?''

तिसऱ्या दिवशी होम, म्हणजे धूर. चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम. लोक आकाशाकडे बघतात, मी ह्यांच्या बाहीकडे.

बरं, धुवायला पाणी हवं! आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि ते नेमकं यण्णीमज्जनाच्या आदल्या रात्री येऊन गेलेलं असतं. मग हौदात किती उरलंय ते काठी घालून बघायचं, पाहुण्यांना 'आंघोळ सकाळी केलीत ना?' असं गोड बोलून विचारायचं. आणि बंद ओले झाले की गाठी सुटत नाहीत. दातांनी सोडवाव्या तर तोंडात आदल्या दिवशीचं तेल.

2021 साली कोरोनामुळे यात्रा मोजक्या लोकांत झाली. मला वाटलं, देवा, एक वर्ष तरी सुटले. कसली सुटते! ह्यांनी घरातच बाराबंदी चढवली, मोबाईल फुलदाणीला टेकवून समोर बसले, गजर झाला तसे हात जोडून ताडकन उठले आणि ताटातली शेंगाची चटणी तेलासकट मांडीवर. वर म्हणाले, ''यात्रा झाल्यासारखं वाटलं.''

आता पोरगाही बाराबंदी घालतो. त्याला मिरवणूक दुय्यम, गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, मुख्य. होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, लालभडक बर्फाचा गोळा. त्या गोळ्याच्या रंगावर खडू चालत नाही, ऊन चालत नाही, आजींनीही हात टेकले.

शेवटच्या दिवशी कप्पडकळी, नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायचा विधी. मी मनोभावे हात जोडते आणि ती वस्त्रं कोण धुतं याची चौकशी करते. अजून कुणी धड उत्तर दिलेलं नाही.

यंदा अक्षतांच्या दिवशी समोरच्या वहिनींनी ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला कोपऱ्यात घेतलं.

''काय पांढरी निघालीय बाई! कुठली पावडर वापरलीस?''

''शिंप्याकडची,'' मी म्हटलं. ''नवीन शिवली.''