जन्मदाखला हवाय? मग आधी त्यातला मजकूर सांगा

तुम्ही दत्तक गेलेले आहात, चाळिशी उलटली आहे आणि आता मूळ जन्मदाखला बघावासा वाटतोय? वाटू द्या. फक्त जन्म अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला असेल तर घाई करू नका. तिथं दत्तक पूर्ण झालं की मूळ दाखला सीलबंद होतो आणि हाती येतो तो दत्तक आईबापांच्या नावांचा ‘दुरुस्त’ दाखला.

तिथला कायदा तसा मोठ्या मनाचा आहे. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की कोर्टाची पायरी न चढता नक्कल मिळते. अट एकच, मूळ दाखल्यावर जन्मदात्या आईबापांची जी नावं आहेत ती तुम्हीच सांगायची. ‘ती कळावीत म्हणून तर दाखला हवाय’ असं म्हणालात की उगाच तुम्हीच आडमुठे ठरता. दाखल्यासाठी दाखला मागणाऱ्या आपल्या तहसील कचेरीला नावं ठेवणाऱ्यांनी आज संध्याकाळी तलाठ्याला चहा पाजावा.

नावं माहीत नाहीत? मग ज्या कोर्टानं दत्तक मंजूर केलं, त्याच कोर्टाचा हुकूम आणा. तोवर हातातल्या दुरुस्त दाखल्यावर समाधान माना. दत्तक आईनंच तुम्हाला जन्म दिला, असं त्यावर शिक्क्यानिशी छापलेलं आहे. सरकारी कागदापुढे निसर्गाचं काय चालणार!

हे सगळं जन्मदात्या आईला दिलेल्या गुप्ततेच्या वचनासाठी, असं कुणी सांगेल. मान डोलवा. दाखला सीलबंद होतो तो तिनं बाळ सोडलं तेव्हा नाही, तर दत्तक पूर्ण झाल्यावर. बाळाला कुणी घेतलंच नाही तर तिचं नाव कायम उघडं. मग वचन कुणाला दिलं होतं, असले प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत.

कान्सास आणि अलास्कानं दाखले कधी बंदच केले नाहीत. ओरेगनच्या मतदारांनी १९९८ साली ते उघडायला लावले, न्यूयॉर्कनं २०२० मध्ये उघडले, मिनेसोटानं २०२४ मध्ये. पुढच्या खेपेला जन्मताना राज्य बघून जन्मा.

या खेपेला डीएनए चाचणीच्या नळीत थुंका आणि टपालानं पाठवा. नशीब असेल तर दूरच्या भावंडांची यादी येईल. मग एकेकाला गाठून विचारा, ‘तुमच्या घरातल्या कुणा मुलीला त्या साली बाळ झालं होतं का हो?’ कपाटातला एक कागद गुपचूप एका माणसाच्या हातात देण्यापेक्षा भावकीभर दवंडी पिटल्यानं आईचं गुपित जास्त सुरक्षित राहतं, याबद्दल सरकारला शंका नाही.

नावं हाती लागली की अर्ज करा. आता तुम्ही पात्र आहात. नक्कल मिळेल, तीही अप्रमाणित.