खुलासा : मूल बेपत्ता झाल्यावर २४ तास थांबायचे नसते

वसतिगृहे, क्रीडा मंडळे, युवक संस्था यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतो आहे : ‘मूल बेपत्ता झाल्यावर पोलीस २४ तासांनीच तक्रार घेतात.’ हे चूक आहे, आणि घातकही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजीच स्पष्ट केले आहे की, बेपत्ता मुलाच्या तक्रारीत अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा. ते पहिले तासच मोलाचे. तेवढ्यात मूल रेल्वेने राज्याबाहेरही पोचू शकते. ‘मुलगी नोकरीसाठी राजीखुशीने गेली’ ही सबबही चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार तस्करीत पीडितेची संमती गैरलागू ठरते. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हे आधी शिकवा, आणि ११२ (आपत्कालीन मदत) व १०९८ (बालकांसाठीची हेल्पलाइन) हे क्रमांक दर्शनी भिंतीवर लावा.