दोन आठवड्यांचे मायबाप

परदेशातील एखाद्या ख्रिस्ती अनाथाश्रमात आणि त्याला जोडलेल्या शाळेत जाऊन सेवा करावी, अशी ओढ आपल्याला लागली असेल, तर आधी आपले मनःपूर्वक अभिनंदन. फार चौकशा करून ही ओढ थंड पडू देऊ नये, एवढीच विनंती आहे. देशांची वानवा नाही, परंतु नवख्याने कंबोडियापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन. कारण तेथे अंगकोर वाट या प्राचीन मंदिरावरचा सूर्योदय पाहून झाला की जेवणाच्या वेळेपर्यंत अनाथ बालकांच्या सेवेला हजर होता येते आणि एकाच व्हिसावर पर्यटन व पुण्य ही दोन्ही कामे उरकतात.

आपल्या पात्रतेविषयी मनात किंतु आणू नये. मायदेशातील शाळेत मुलांसमोर उभे राहायचे झाले तर पदवी लागते, प्रशिक्षण लागते, कित्येक देशांत पोलिसांचा दाखलाही लागतो. समुद्र ओलांडला की यातील बरेचसे गळून पडते आणि उत्साह, पासपोर्ट व गिटारवर वाजवता येणारी दोन भक्तिगीते एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी काम भागते. तेथील ख्मेर भाषा येत नसल्याचे तर मुळीच वाईट वाटून घेऊ नये. भाषा आली असती तर मुले काय बोलतात ते कळले असते, आणि मग सेवेत व्यत्यय आला असता.

आपल्यासारख्या सेवेकऱ्यांची गर्दी वाढली तर अनाथ मुले पुरणार कशी, अशी शंका एखाद्या विचारी मनाला येईल. तिचे निरसन आकडेच करतात. 2005 ते 2010 या काळात कंबोडियातील अशा निवासी संस्थांची संख्या सुमारे 75 टक्क्यांनी वाढली. लाखोंचा बळी घेणारी ख्मेर रूजची राजवट 1979 सालीच कोसळली होती, देशातील दारिद्र्यही या वर्षांत घटत होते, म्हणजे मुले अनाथ होण्याची कारणे कमी होत होती. वाढत होते ते पर्यटक. मागणी तेथे पुरवठा हा नियम इतक्या कोवळ्या मालालाही लागू पडावा, याचे आश्चर्य वाटल्यास ते मनातल्या मनात ठेवावे.

आता ‘अनाथ’ या शब्दाविषयी. तो जरा सढळपणे घ्यावा लागतो. त्याच सुमारास युनिसेफच्या सहभागाने झालेल्या पाहणीत या संस्थांतील चारांपैकी जवळजवळ तीन मुलांची आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले होते. आईबाप असलेले मूल अनाथाश्रमात पोहोचते कसे, हे विचारणे असभ्यपणाचे आहे, तरीही सांगून टाकतो. कोणी ओळखीचा गृहस्थ भातशेतीच्या एखाद्या गावात जातो, नवरा गमावलेल्या किंवा कर्जात बुडालेल्या बाईला गाठतो आणि म्हणतो, ‘मुलीला आमच्याकडे पाठव, इंग्रजी शाळा आहे, तीन वेळचे जेवण आहे, परदेशी पाहुणे येतात.’ ती माउली मुलीला शिकायला पाठवते, आणि मुलगी तेथे पोहोचून अनाथ होते. नेपाळमध्ये तर या कामासाठी जिवंत आईबापांच्या मृत्यूचे खोटे कागद तयार केल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण आपले पूर्वज सहज बोलून गेले असतील. कागदोपत्री आई मारून दोन आठवड्यांची मावशी मुलासमोर उभी करण्याची सोय मात्र आपल्याच काळात झाली.

वर्गात पहिल्या दिवशी अवयवांची नावे शिकवावीत. डोके, खांदे, गुडघे, पावले. आपल्या आधी आलेल्या तुकडीनेही हेच शिकवले होते आणि तिच्या आधीच्या तुकडीनेही, त्यामुळे मुलांची तयारी उत्तम असते. मागच्या बाकावरची दहा-अकरा वर्षांची मुलगी ‘गुडघा’ म्हटल्यावर कोपराला हात लावील, आपण हसून दुरुस्त कराल, मग ती बरोबर गुडघ्यावर हात ठेवील आणि आपल्या डोळ्यांत पाणी उभे राहील. ती पहिल्यांदा मुद्दाम चुकली होती, हे लक्षात आले तरी तसे दाखवू नये. पाहुण्याला शिकवल्याचे समाधान मिळाले पाहिजे, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. तिचे व्याकरण पुढे सरकत नाही, ही बाब गौण आहे. कायम पगारावर एक स्थानिक शिक्षिका नेमली असती तर ते सरकले असते, पण विमानतळावर निरोप द्यायला शिक्षिकेच्या पगाराची पावती येत नाही.

पहिल्याच तासाला अनोळखी मूल धावत येऊन गळ्यात पडले, तर ते आपल्या प्रेमळ स्वभावाचे फळ समजावे. माणसे सारखी येऊन निघून जातात अशा ठिकाणी वाढलेली मुले दिसेल त्याला बिलगू लागतात, हे रोमानियातील अनाथालयांत वाढलेल्या मुलांच्या अभ्यासातून पुढे आलेले निरीक्षण प्रवासाच्या बॅगेत टाकू नये, वजन वाढते. निघताना ‘मी लवकरच परत येईन’ असे मुलांना अवश्य सांगावे. त्यांना हे वाक्य पाठ आहे आणि त्याचे स्पेलिंगही येते.

घरी कोणी वर्तमानपत्र वाचणारा नातलग असला तर तो कुरकुर करील. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना अनाथाश्रमांसाठी चालणाऱ्या मुलांच्या व्यापाराचाही विचार केला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 च्या ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली, इत्यादी. त्याला ‘हेतू शुद्ध आहे’ एवढेच उत्तर द्यावे. जानेवारी 2010 मध्ये हैतीतील भूकंपानंतर 33 मुले घेऊन सीमा ओलांडू पाहणाऱ्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकी मंडळींनीही आपला हेतू शुद्ध असल्याचेच सांगितले होते. कित्येक मुलांचे आईबाप जिवंत निघाले, हा तपशील झाला.

सर्वांत मोठा आधार अर्थातच धर्मवचनाचा. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, 27 व्या वचनात, अनाथ व विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेण्यास सांगितले आहे. टी-शर्टवर हे वचन छापून घ्यावे, मात्र जागा मर्यादित असल्याने ‘अनाथ’ या शब्दापाशी थांबावे. विधवा तेथून काही तासांच्या अंतरावर, गावातच असते, आणि आपल्या एका विमान तिकिटाच्या रकमेत तिचे लेकरू तिच्याच घरातून बराच काळ शाळेत जाऊ शकले असते. पण असे केले की अनाथ उरत नाही आणि टी-शर्ट वाया जातो. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, अशा आशयाचेही एक वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. ते फोनमध्ये कॅमेरा येण्यापूर्वीचे असल्याने मनावर घेऊ नये.

शेवटच्या दिवशी अंगणात सामूहिक छायाचित्र काढतात. मुलांना उंचीप्रमाणे उभे करावे, आणि गुडघ्याऐवजी कोपर दाखवणाऱ्या त्या मुलीला आपल्या शेजारी घ्यावे. फाटकापाशी हातात पिशवी घेतलेली एक बाई उभी असेल, बसने आलेली, चपला धुळीने माखलेल्या. मुलगी सारखी तिच्याकडेच मान वळवते, त्यामुळे छायाचित्र नीट येत नाही. त्या बाईला हाताने खूण करून थोडे बाजूला सरकायला सांगावे.