मासेमारीच्या आठ फुटी रॉडला नऊ लहान गाईड का बसवली: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला, सोबतचे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या तक्रारी आधी थोडक्यात मांडतो. जुन्या रॉडवर सहा मोठी गाईड (गळाची दोरी, म्हणजे लाईन, ज्यातून ओवतात ती पायावर बसवलेली रिंग) होती, आम्ही नऊ लहान बसवली, आणि ती बिल वाढवण्यासाठी. १६ नंबरची म्हणून दिलेली रिंग आतून मोजली तर १२ मिलिमीटरच भरते. फेक पूर्वीपेक्षा कमी पडते. आणि तिसऱ्या गाईडपाशी लाईन खरवडते, म्हणजे माल हलका आहे. म्हणून दोन स्टार.

मुद्दे नेमके आहेत, तेव्हा उत्तरही मोघम देत नाही. फेकीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी तिच्याशी जोडलेल्या आहेत.

रॉड बांधायला देताना तुम्ही ४००० साइझचं स्पिनिंग रीळ, त्यावर बारीक ब्रेड (विणलेली लाईन) आणि पुढे लीडर (गळाकडे गाठीने जोडलेला वेगळ्या लाईनचा तुकडा) असं सांगितलं होतं. गाईडची निवड आम्ही त्यावरूनच केली. रॉडची लांबी बघून गाईडचा तयार संच लावून टाकणं सोपं असतं, पण तसं आम्ही करत नाही. स्पिनिंग रिळाचा स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेला भाग, फेकताना फिरत नाही. लाईन त्याच्या कडेवरून वेटोळी घेत सुटते, आणि सुरुवातीला ते वेटोळं जवळजवळ स्पूलच्याच व्यासाचं असतं. टोकापर्यंत पोचण्याआधी त्याची सरळ रेघ व्हायला हवी. हे काम पहिली दोन-तीन गाईड मिळून करतात, नरसाळ्यासारखं. नरसाळं किती रुंद हवं आणि ते कुठे संपायला हवं, हे लाईनच्या जाडीवर आणि ताठपणावर ठरतं.

ब्रेड मऊ असते. तिचं वेटोळं चटकन दबतं, म्हणून ते लवकर आवळलं तरी लाईन अडत नाही. तुमच्या रॉडला पहिलं गाईड २५ नंबरचं आहे, पण उंच पायांचं. त्यामुळे सुटणारं वेटोळं ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवर, आपटत नाही. त्यापुढे १६, मग १०, आणि तिथून टोकापर्यंत सगळी ६ नंबरची. रिळाच्या दांड्याची रेघ सरळ पुढे वाढवली तर ती जिथे ब्लँकला मिळते, त्या जागेच्या आसपास हे आवळणं पूर्ण झालेलं असावं, अशी ही मांडणी असते. फुजी या जपानी कंपनीने ती 'न्यू गाईड कॉन्सेप्ट' या नावाने रुळवली आणि आज स्पिनिंग रॉड बांधणारे बहुतेक लोक तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपाने काम करतात.

आता तुमचा पहिला फोटो. त्यात स्पूलवर ब्रेड दिसत नाही, पारदर्शक तंगूस (नायलॉनची एकेरी लाईन) दिसतो, आणि तो चांगला जाड आहे. अंदाजाने अर्धा मिलिमीटर तरी असावा. असा तंगूस स्पूलवर बसला की त्याला स्पूलचाच आकार लागतो. फेकताना तो स्प्रिंगसारखा ताठ उसळतो आणि १६ नंबरच्या रिंगेच्या काठावर आपटत आत शिरतो. तिथेच फेकीचा जोर खर्ची पडतो. तुमच्या जुन्या रॉडवरच्या मोठ्या रिंगा जाड तंगुसासाठी अगदी योग्य होत्या, आणि त्या लाईनवर तो रॉड या रॉडपेक्षा लांब फेकणार हेही मला मान्य आहे. त्या रिंगा वाईट म्हणून आम्ही बदलल्या नाहीत, तुम्ही वेगळी लाईन सांगितली म्हणून वेगळ्या निवडल्या. आणखी एक गोष्ट फोटोत दिसते. लाईन स्पूलच्या कडेपासून बरीच खाली आहे. एवढी खाली असली की सुटताना ती कडेवर घासते आणि गाईड कुठलीही असोत, फेक कमी होते. कडेखाली एक-दोन मिलिमीटर मोकळे राहतील इतका स्पूल भरायला हवा.

नंबरबद्दल. १६ हा आकडा रिंगेच्या बाहेरच्या व्यासाचा आहे, मिलिमीटरमध्ये. आतलं भोक त्याहून लहान असणारच, आणि किती लहान ते रिंग ज्या सिरॅमिकची असते त्याच्या जाडीवर अवलंबून. त्यामुळे एकाच नंबरच्या दोन प्रकारच्या रिंगांची भोकंही सारखी भरत नाहीत. तुम्ही व्हर्नियर लावून मोजलंत हे मला आवडलं, कारण लीडरची गाठ आरामात जाईल का हे ठरवताना आतलंच माप कामाला येतं. पण १६ सांगून १२ दिली असा त्याचा अर्थ होत नाही.

संख्येवर थोडं सविस्तर लिहितो, कारण बिल वाढवल्याचा आरोप मला लागला.

जुन्या रॉडवरची सहाही गाईड दोन पायांची होती. प्रत्येक पायावर दोऱ्याचा एक गुंडाळा, म्हणजे एकूण बारा. नव्या रॉडवर रिळाकडची तीन दोन पायांची आहेत आणि पुढची सहा एका पायाची. इथेही गुंडाळे बाराच होतात. त्यावरच्या एपॉक्सीच्या लेपाचं कामही तेवढंच. मग गाईड जास्त का? आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: जितके फूट रॉड, तितकी गाईड अधिक एक, टोकाची रिंग सोडून. आठ फुटांना नऊ. पण तो केवळ अंदाज. शेवटची जागा आम्ही रॉड वाकवून ठरवतो.

गाईड आधी रबरी नळीच्या बारीक तुकड्यांनी ब्लँकवर नुसती अडकवतो. लाईन ओवून टोकाला वजन टांगतो आणि रॉड पूर्ण वाकल्यावर बाजूने पाहतो. दोन गाईडमध्ये अंतर जास्त असेल तर ब्लँक गोलाईत वाकलेला आणि लाईन मात्र त्याला सोडून सरळ ताणलेली, असं दिसतं. त्या जागी ताण वाटला जात नाही. एखाद्याच गाईडवर लाईन काटकोनाकडे मोडते आणि ब्लँकवरही तिथेच जास्त जोर येतो. मग गाईड जराजरा सरकवत जायचं, लाईन ब्लँकच्या वळणाबरोबर जाईपर्यंत. तुमच्या ब्लँकचा शेंडा मऊ आहे, तो बराच आधी आणि बराच जास्त वाकतो. पुढच्या भागात सहाच्या जागी चार गाईड ठेवली असती तर नेमका हाच दोष राहिला असता. शिवाय ती लहान आणि एकपायी असल्याने शेंड्यावर वजन कमी पडतं. फेकल्यानंतर टोक जितकं लवकर थरथरायचं थांबेल तितकी लाईन सरळ जाते. तिथे मोठी गाईड लावली तर महागडा, हलका ब्लँक निवडल्याचा उपयोगच राहत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी शेंड्यावर मोठ्या रिंगा लावण्याआधी मी दोनदा विचारतो, तो याच कारणासाठी.

आता खरवडणारी लाईन. ही तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण अशा रिंगेमुळे हातातोंडाशी आलेला मासा जातो. तुमच्या दुसऱ्या फोटोत रॉड भिंतीला टेकवून ठेवला आहे, लाईन ताणलेली आहे आणि गळ तिसऱ्या गाईडच्या रिंगेतच अडकवलेला आहे. सिरॅमिक अतिशय कठीण असतं. कठीणपणाच्या मोह्स मापावर हिरा १०, तर रिंगांसाठी वापरलं जाणारं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड ९ आणि सिलिकॉन कार्बाइड त्याच्याही थोडं वर. लाईनने ते सहज झिजत नाही. पण कठीण असलं तरी ते ठिसूळ असतं. गळाचं पोलाद काठावर दाबलं गेलं किंवा प्रवासात आदळत राहिलं, तर केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा रिंगेतून सगळ्या बाजूंनी फिरवून बघा. चीर असेल तिथे तंतू अडकून राहतील. ब्रेडचे सुटलेले धागे हेच सांगत असतात. चीर कशाने गेली ते रॉड हातात घेतल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही, पण गळ त्याच गाईडच्या रिंगेत अडकवलेला असल्याने शंका तिथे जाते. पुढे गळ रिंगेत न लावता गाईडच्या पायाच्या फटीत लावा, किंवा मुठीजवळ त्यासाठी बसवलेली छोटी कडी आहे ती वापरा.

सगळीकडे सिलिकॉन कार्बाइडच का नाही, असंही तुम्ही विचारलं आहे. ते टोकाला आहे, कारण लाईन सगळ्यात जास्त तिथे वळते आणि घासते. मोठा मासा पळत सुटला की घर्षणाने उष्णता तयार होते. सिलिकॉन कार्बाइड ती पटकन वाहून नेतं, आणि ब्रेडला याची गरज जास्त, कारण तिचं पॉलिएथिलीन १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं. नायलॉन २२० च्या आसपास. मधल्या गाईडवर लाईन जेमतेम वळते, तिथे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड पुरेसं आहे. टायटॅनियमच्या फ्रेमबद्दल, म्हणजे रिंग धरणाऱ्या धातूच्या चौकटीबद्दल, एवढंच सांगतो: ती हलकी असते, गंजत नाही, आणि तुम्ही खाऱ्या पाण्यात नेहमी जाणार असाल तर मी स्वतः तीच सुचवेन. तुम्ही गोड्या पाण्यासाठी म्हणाला होता, म्हणून स्टेनलेस दिलं.

रॉड घेऊन या. तिसरं गाईड पैसे न घेता बदलून देतो, चीर कशानेही गेलेली असो. तुम्हाला जाड तंगूसच वापरायचा असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. पुढची सहा गाईड आहेत तशीच राहू देऊ, रिळाकडची तीन काढून मोठी लावू आणि तुमच्यासमोर वजन टांगून जागा पुन्हा ठरवू. त्या कामाची मजुरी घेणार नाही. येताना हेच रीळ, याच लाईनसकट आणा, आणि लीडरची गाठ कापू नका. ती शेवटच्या रिंगेतून जाते की नाही, हे आधी पाहायचं आहे.