४०० की ६००? तुमच्या प्रतिक्रियेला जरा लांबलचक उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की मी कॅननच्या प्रेमात आंधळा होऊन माझ्या लेन्सवरच्या पोस्टमध्ये लोकांना कॅमेऱ्याची महागडी १००-४०० मार्क टू झूम लेन्स (हे आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) गळ्यात मारतोय, त्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी लेन्स मिळते आणि पक्ष्यांना ४०० म्हणजे काहीच नाही. अहो पण ती पोस्ट निव्वळ पक्षीवाल्यांसाठी नव्हतीच, पावसाळ्यात आंबोलीला जाऊन जे दिसेल ते टिपणाऱ्यांसाठी होती.

आता तिथे काय होतं बघा. अरुंद वाट, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि हाताच्या अंतरावर पानावर तीन सेंटिमीटरचा बेडूक. सिग्मा २.८ मीटरच्या आत फोकसच करत नाही, मग मागे सरकणार कुठे, उतारावर? कॅनन ९८ सेंटिमीटरवर फोकस करते आणि ०.३१ पट मॅग्निफिकेशन देते (सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवरची प्रतिमा वस्तूच्या ०.३१ पट), सिग्मा ०.२ पट, म्हणजे तोच बेडूक सेन्सरवर दीडपट मोठा. वर धो धो पाऊस. कॅननला पूर्ण वेदर सीलिंग (पाणी-धूळ अडवणारं) आहे, कंटेम्पररीला फक्त माउंटपाशी, म्हणजे कॅमेऱ्याला जोडतो तिथे. सिग्माच्याच १५०-६०० स्पोर्ट्स मॉडेलला आहे म्हणाल, पण ते जवळजवळ तीन किलोचं धूड घेऊन घाट कोण चढणार!

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला मात्र तुमचंच खरं. होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायचेत तर मीही ६००च नेईन. सिग्माच्या ६.३ अपर्चरचा (उजेड आत घेणारं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) लोक उगाच बाऊ करतात, कॅननच्या ५.६ शी फरक जेमतेम एक-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), उलट ४०० वर काढून नंतर क्रॉप करत, म्हणजे कडा कापत बसलात तर नॉइजमध्ये (फोटोतल्या दाण्यांमध्ये) सिग्माच जिंकते. फक्त सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि मग कुठलीही लेन्स लावा, फोटो मऊच येणार.

कॅननला १.४ चा एक्स्टेंडर (फोकल लेंग्थ १.४ पट करणारी जोडलेन्स) लावणं हा जुगाड आहे म्हणालात, तर हो, आहेच. ५६० मिळतात पण अपर्चर जातं ८ वर, आणि बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) ऑटोफोकस तिथे हात टेकतो. मिररलेस (बिनआरशाची) बॉडी असेल तर चालतंय.

राहिला पैशाचा प्रश्न. तो मलाही पडतोच, म्हणून सेकंडहँड बघा. फक्त घेताना पुढून-मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा, आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते, आणि विकणारा 'नुसती धूळ आहे हो' म्हणाला तर सरळ उठून या.