कावळ्याची ओळखपरेड

दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा म्हणून माणसं काय काय करतात! हात जोडतात, ‘काव काव’ करून बोलावतात, गेलेल्याच्या राहून गेलेल्या इच्छा एकेक आठवून त्या पुऱ्या करायचं मोठ्याने कबूल करतात आणि शेवटी कंटाळून दर्भाचा कावळा करतात. मला यातलं काहीच करावं लागत नाही. सकाळी लोकल गाठायला मी जिन्यातून बाहेर पडलो की कावळा आपणहून येतो आणि थेट डोक्याला शिवतो. मी अजून हयात आहे, ही किरकोळ बाब तो मनावर घेत नाही.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटाशी गुलमोहर आहे. उन्हाळा आला की त्यावर कावळ्यांचं बांधकाम सुरू होतं. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेल्याची गोष्ट आपण सगळे ऐकून आहोत. त्या दुर्घटनेनंतर त्या समाजाने चांगलाच धडा घेतलेला दिसतो, कारण आता सगळं लोखंडी काम असतं. केबलवाल्याने सोडून दिलेली वायर, सळया बांधायची तार, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ज्यावरून मोलकरणीशी भांडल्या तो हँगर.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात त्या घरट्यातून एक पिल्लू खाली पडलं. वॉचमनकाकांनी ते उचलून आंब्याच्या खोक्यात घातलं आणि खोकं कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. माझा गुन्हा एवढाच की मी खोकं धरलं. वरून नवराबायको बघत होते. जबानी नाही, साक्षीपुरावा नाही, आरोपी मी! काका रोज शिळी पोळी टाकतात, त्यामुळे त्यांची निर्दोष सुटका.

तेव्हापासून टोच चुकत नाही. समोरून यायची हिंमत नाही, वार नेहमी पाठीमागून. गर्रकन वळावं तर हे महाशय विजेच्या तारेवर बसून हवामानाचा अंदाज घेताहेत. मी शर्ट बदलला, टोपी घातली, मे महिन्याच्या कडक उन्हात छत्री उघडून निघालो. (‘वेधशाळेत ओळख आहे का हो?’ असं दोघांनी विचारलं.) छत्री मिटायला रिक्षा स्टँडवर वाकलो, तिथे बसला फटका.

घरात माझं सांत्वन करायचं सोडून चिरंजीवांनी माहिती पुरवली. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी 2006 साली आदिमानवाचा मुखवटा घालून 7 कावळे पकडले आणि खुणेच्या पट्ट्या बांधून सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून आवारात कुणीही फिरलं की कावळे अंगावर यायचे. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही, आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता तेही. एकदा वाटेत भेटलेल्या 53 कावळ्यांपैकी 47 जणांनी आरडाओरडा केला. मुखवटा उलटा घातला तर काही कावळे मान उलटी करून खात्री करून घ्यायचे! हा राग पुरता शमायला तब्बल 17 वर्षं लागली. ते कावळे वेगळ्या जातीचे, हे खरं; पण खानदान एकच. माझ्या घराच्या कर्जाचे हप्तेसुद्धा त्याआधी फिटतील.

त्याच बैठकीत उपायही निघाला. सुंदरबनात वाघ मागून झडप घालतो, म्हणून 1986च्या सुमारास जंगलात जाणाऱ्यांना डोक्याच्या मागे बांधायला माणसाचे मुखवटे दिले होते. बराच काळ मुखवटेवाले सुरक्षित राहिले. घरात माणसाचा मुखवटा नव्हता, वाढदिवसाला आणलेला वाघाचा होता. तो मागे बांधून मी रिक्षाच्या रांगेत उभा राहिलो. मागच्या आजींनी वाघोबाला मनोभावे नमस्कार केला. कावळा बाजूने आला.

मग साताऱ्याहून मावशी आली. ‘डोक्याला शिवला? अशुभ असतं रे. मेल्याचा खोटा निरोप धाडायचा आणि नातेवाइकांना रडवायचं, मग गंडांतर टळतं.’ तिने लगेच माझ्या नाशिकच्या मेव्हण्याला फोन लावला आणि पदर तोंडाला लावून, अतिशय कसलेला हुंदका देऊन मी गेल्याचं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘अरेरे! माझं ड्रिल मशीन त्यांच्याकडेच आहे, तेवढं बाजूला काढून ठेवा.’ खरी हकीकत कळल्यावर तर म्हणाला, ‘दाजी, एक बरं आहे. तुमच्या दहाव्याला खोळंबा व्हायचा नाही. कावळा ओळखीतला आहे.’ कुणीच रडलं नाही, म्हणजे विधी फुकट गेला, म्हणून मावशी माझ्यावरच रुसली.

इकडे खोक्यातलं पिल्लू दोघांच्या हातचं, म्हणजे चोचीतलं, खाऊन टरारलं आणि उड्या मारत गुलमोहरावर चढलं. जूनमध्ये त्याच्या अंगावर पांढुरके ठिपके दिसायला लागले. कावळ्याला कसले ठिपके? मी दुर्बीण लावली. ती चक्क कोकिळा होती!

मग एप्रिलचा सगळा डाव ध्यानात आला. पहाटे साडेचारपासून ज्याच्या कुहूने माझी झोप मोडत होती, तो लाल डोळ्यांचा काळा नर मुद्दाम घरट्याशेजारी बोंबलायचा. कावळे चिडून त्याच्या मागे लागायचे, तेवढ्यात मादी गुपचूप अंडं घालून पसार. ते अंडं कावळ्याच्या अंड्यांच्या दोन-तीन दिवस आधी फुटतं, आणि पहिल्या घासांवर याचाच हक्क. टोपी, छत्री, वाघ, कशाकशातून माझा चेहरा अचूक हेरणाऱ्या या पक्ष्याला स्वतःच्या घरातलं परकं पोर ओळखता आलं नव्हतं! आणि त्या परक्या पोरापायी टाळकं माझं फुटत होतं.

माझा तोल गेला. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून मी सगळा जोर लावून ओरडलो, ‘अरे गाढवा, डोळे उघड! ते पोर तुझं नाहीच!’

गुलमोहराखाली त्या वेळी दुसऱ्या मजल्यावरचे, नुकतेच बाबा झालेले गृहस्थ स्कूटर पुसत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि माझा चेहरा नीट बघून घेतला.