वाडीसाठी इमर्जन्सी ॲप काढताय? आधी फोटो कोणाचा ते ठरवा

तर तुमच्या वाडीतपण इमर्जन्सी ॲप आणायचं ठरलंय म्हणे. अभिनंदन! आमच्याकडे येऊन वर्ष झालं, म्हणून अनुभवाचं सांगतो, तेवढीच तुमची वर्गणी लवकर संपेल.

पहिलं म्हणजे मीटिंग दादरला घ्या. वाडी दापोली तालुक्यात असली म्हणून काय झालं, तिथे राहतात साठी ओलांडलेली तीसेक माणसं, त्यांना संकटातलं काय कळतंय, ती नुसती संकटात असतात. ठरवायचं मुंबई मंडळाने. मीटिंगमध्ये एखादा आगाऊ पोरगा उठून बोलणारच की अहो 112 हा इमर्जन्सी नंबर आहे ना, त्याचं सरकारचं ॲपपण आहे, फुकट आहे. त्याला खाली बसवा. 112 च्या ॲपवर आपल्या अध्यक्षांचा फोटो येतो का? ग्रामदेवतेचा येतो का? मग.

तो पोरगा तरी गप्प बसणार नाही, सांगेल की 2017 पासून विकायच्या फोनात पॅनिक बटणाची सोय सक्तीची केलीय, बटणाच्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचं, स्मार्टफोनचं पॉवर बटण भराभर तीनदा दाबायचं. ही माहिती वाडीतल्या आजीपर्यंत अजिबात जाऊ देऊ नका. तिच्याकडे बटणाचाच फोन आहे, तिला हे कळलं तर आपण उद्घाटन कशाचं करायचं?

उद्घाटन अर्थातच गणपतीत, कारण वाडीत माणसं तेव्हाच असतात. आरती झाली की लगेच माइक घ्या, सगळ्यांच्या फोनात ॲप टाकायला लावा, त्यासाठी सगळ्यांना सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर न्या, कारण रेंज तिथेच येते, करवंदीच्या जाळीपाशी. परत खाली आलं की ॲप गोल गोल फिरत बसतं, ते फिरू दे. साधा 112 चा कॉल आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळाला तर त्याच्यावरून जातो. आपलं ॲप असलं कोणाच्याही दारात जाणारं नाही, त्याला नेट लागतं आणि तेही स्वतःचंच. म्हणून वाडीत नियम करा, की ज्याला काही व्हायचं असेल त्याने सड्यावर येऊन व्हावं.

खरं सांगायचं तर हे ॲपचं खूळ निसर्ग वादळानंतर डोक्यात शिरलं. 3 जून 2020, घरांची कौलं उडाली, माड-पोफळी आडव्या झाल्या, लाइट कित्येक दिवस नाही, टॉवर मुके, आणि मुंबईत आम्ही म्हाताऱ्यांची खबर काढायला कोणाकोणाला फोन लावत बसलो होतो. असं परत होऊ नये म्हणून आम्ही हे ॲप काढलं. चालतं त्याच टॉवरवर.

आता ॲपमध्ये काय काय पाहिजे? ‘मंडळाविषयी’ हे पान पाहिजे, कार्यकारिणीचे फोटो पाहिजेत, वर्गणी भरायचा क्यूआर कोड पाहिजे, लाल बटण खाली कुठेतरी बसवा. ते दाबलं की अलर्ट सगळ्या 86 मेंबरांना गेला पाहिजे, म्हणजे विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली, सगळीकडे एकदम समजतं की वाडीत काहीतरी झालंय. पाच मिनिटांत ‘काळजी घ्या’ असे तीसेक मेसेज पडतात. एवढी काळजी नवी मुंबईत बसून 112 चे फोन घेणारे घेतील का? ते उलट विचारतात, पत्ता सांगा. वरच्या आवाठात फणसाच्या पलीकडे, एवढं सरळ सांगूनही त्यांना कळत नाही.

एक किरकोळ अडचण राहते. 108 ची ॲम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंतच येते, पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पावसात शेवाळलेली. पेशंटला खुर्चीत बसवून खाली न्यायचा, त्याला चार खांदे लागतात आणि वाडीत धड खांदे तीन. चौथा बोरिवलीला आहे. पण त्याच्याकडे ॲप आहे, त्यामुळे चिंता नाही.

आमच्या ॲपची खरी परीक्षा जुलैमध्ये झाली. रात्री आठ-साडेआठला काकी पडवीतली लाकडं काढायला गेली नि हाताला फुरसं चावलं. लाइट नव्हती. पण काकीने मंडळाची शिस्त मोडली नाही हं, ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसा पहिला फोन घेतला, ॲप उघडलं, ॲप म्हणालं तुमचं व्हर्जन जुनं झालंय, परत लॉगिन करा, ओटीपी पाठवलाय. काकी पडवीत बसून ओटीपीची वाट बघतेय. शेवटी शेजारच्या आजीने अंगणात येऊन कुकारा घातला. खालच्या वाडीतून दोन बाप्ये बॅटऱ्या घेऊन आले, त्यातल्या एकाने चौथा खांदा दिला, खुर्ची पाखाडी उतरली, खाली रिक्षावाला झोपला होता त्याला उठवलं, तालुक्याला अँटीव्हेनम मिळालं, काकी वाचली.

पुढच्या मीटिंगमध्ये ॲपच्या यशाबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. आजीचं नाव त्यात घेता आलं नाही, ती मेंबर नाही.

ओटीपी काकीला दवाखान्यात मिळाला, तिसऱ्या दिवशी, सलाइन चालू असताना. खाली लिहिलं होतं, हा कोणालाही सांगू नका. तिने अजून कोणाला सांगितलेला नाही.